संधायसंभाषा : सेवकांनीं एकमेकांपासून शिकण्याची गोष्ट

‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण आपल्या बोलण्यांत इतकी रुळली आहे कीं, तिच्यांतील हिशेबाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पीक बुडालें हें एक संकट. त्याच वर्षीं अधिक मास आला, खाणारीं तोंडें तेवढींच राहिलीं आणि दिवस मात्र तीस वाढले, हें दुसरें. पहिल्याला उपाय निराळा, दुसऱ्याला निराळा. परंतु दोन्ही मिळून जें तिसरेंच कांहीं निर्माण होतें त्यावरचा उपाय कोणा एकाच्या हातीं नसतो. आमच्या खानदेशच्या शेतकऱ्यास हें कोणी शिकवावें लागलें नाहीं. अमेरिकेंतील कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनीं १९८९ सालीं हीच गोष्ट चौरस्त्याच्या दृष्टांतानें मांडली. भर चौकांत उभ्या असलेल्या माणसास सर्व बाजूंनीं येणाऱ्या गाड्यांचा धोका असतो. त्या लिहीत होत्या काळ्या स्त्रियांविषयीं. वर्णामुळें होणारा अन्याय एका कायद्यास दिसे, स्त्रीत्वामुळें होणारा दुसऱ्यास दिसे, आणि जिच्यावर दोन्ही एकदम कोसळत ती बाई दोहोंच्या मधल्या फटींत राही.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले आणि त्यांत ‘बहुविकलांगता’ हा एक स्वतंत्र प्रकार धरला. ही सुधारणा मोठी आहे. तथापि कायदा मोजतो तें शरीर. मूल कमी ऐकतें, शिवाय त्याचे आईबाप वर्षांतून सहा महिने उसाच्या फडावर असतात, शिवाय घरांत आजीखेरीज कोणी नाहीं, शिवाय तें ज्या वस्तींत राहतें तिचें नांव ऐकतांच गांव नाक मुरडतो, ही बेरीज कोणत्याच प्रमाणपत्रावर मांडतां येत नाहीं.

वरचें उदाहरण आम्हीं कल्पनेनें रचलेलें नाहीं. आमच्या नोकरीच्या काळांत एका खेड्यांत अशी एक मुलगी होती. गांवाचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. आईबाप दसरा झाला कीं कोयता घेऊन निघत. वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतों, ऊसतोडीच्या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीसुद्धां हत्यारानें होते. तीं दोघें परत येत आखाजीच्या सुमारास. तोंवर मुलगी आजीजवळ. वर्गशिक्षकांच्या मतें ती मंद होती, कारण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ती देत नसे. उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या वहींत तिचा कान फुटल्याची नोंद दोनदां होती. अंगणवाडीच्या सेविकेस माहीत होतें कीं, पोरीला रात्रीचें जेवण रोज मिळतेंच असें नाहीं. आणि तलाठी कचेरींत त्या आजीचा निराधार योजनेचा अर्ज एका दाखल्यावांचून पडून होता. चौघेही कामसू माणसें होतीं. कोणीं कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. पण चार वह्यांत चार निराळ्या मुली होत्या.

त्या चार मुलींची एक मुलगी झाली ती पोलिओच्या रविवारीं. त्या दिवशीं शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून नर्सबाई, सेविका, एक शिक्षक आणि आम्ही असे सकाळपासून बसलों होतों. दुपारीं मुलांची रीघ थांबली, डबे सुटले, आणि बोलतां बोलतां त्या मुलीचें नांव निघालें. नर्सबाई सहज म्हणाल्या, “गुरुजी, तिला ऐकूं तरी येतंय का?” शिक्षकांनीं हातांतला घांस तसाच धरला. सेविकेनें रात्रीच्या उपाशीपणाची गोष्ट सांगितली. पुढें कान दाखवला गेला, बांक पहिल्या रांगेंत आला, दाखलाही निघाला. त्यांत कोणीं मोठा पराक्रम केला असें नाहीं. परंतु आम्हांस तेव्हां जो प्रश्न पडला तो अजून सुटलेला नाहीं. ज्या माणसांनीं नित्य एकत्र बसावयाचें, त्यांस तशी संधि देण्यासाठीं पोलिओसारखा रोगच कां लागावा?

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी, म्हणून जुन्या ग्रंथांत शोधण्याची खोड आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत ‘तद्विद्यसंभाषा’ असा एक विषय येतो. एकच विद्या जाणणाऱ्यांनीं आपसांत केलेली चर्चा, असा त्याचा अर्थ. ग्रंथकारानें तिचे दोन भेद सांगितले आहेत : जिंकण्यासाठीं होणारी ती विगृह्यसंभाषा, आणि जाणून घेण्यासाठीं सलोख्यानें होणारी ती संधायसंभाषा. दुसरीचे नियम वाचले म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्यांच्या बैठकी कशा बिघडत असतील याचीही कल्पना येते. निःशंकपणें विचारावें, विचारणाऱ्यास निःशंकपणें सांगावें, हरण्याची भीति बाळगूं नये, दुसरा हरला म्हणून हर्षूं नये आणि बाहेर जाऊन त्याची बढाई मारूं नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. वैद्यानें आपलें अज्ञान दुसऱ्या वैद्यासमोर उघडें करणें तेव्हांही सोपें नसावें. नाहींतर इतके नियम घालण्याचें कारण नव्हतें. एक गोष्ट मात्र चरकाच्या बैठकींत नव्हती. तेथें सर्व वैद्यच. सुईण, रोग्याची सून, पाणी भरणारी बाई यांस तेथें आसन नव्हतें. तें आसन महाराष्ट्रांत मांडलें गेलें जामखेडास.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेडास आलें. दोघेंही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं. सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण त्यांनीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत घेतलेलें. तालुका अवर्षणाचा. १९७१ सालीं त्यांच्या कार्यक्षेत्रांत जन्मणाऱ्या हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. पहिला विचार सर्वांना सुचेल तोच त्यांस सुचला, कीं शिकलेल्या नर्सबाई गांवोगांव ठेवाव्यात. तो फसला. परगांवची तरुण बाई खेड्यांत एकटी राहणार कशी, आणि गांवच्या सुना आपल्या मनांतलें तिला सांगणार कशा? तेव्हां गांवांतलीच एक बाई निवडून तिला शिकवावें असें ठरलें. गांवकऱ्यांनीं निवडलेल्या बायांपैकीं पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कांहीं नवऱ्यानें टाकलेल्या होत्या. म्हणजे ज्यांच्यावर दुष्काळही होता आणि तेरावा महिनाही होता, त्यांच्याच हातीं औषधाची पिशवी आली.

येथें कोणी म्हणेल, निरक्षर बाईस तीन महिन्यांत काय शिकवितां येणार? प्रश्न रास्त आहे, आणि जामखेडचें मर्म त्याच्या उत्तरांतच आहे. तेथें शिक्षण एकदां देऊन संपविलें नाहीं. या बाया ठरल्याप्रमाणें आठवड्याच्या आठवड्यास जामखेडास येत, रात्रीं मुक्काम करीत, आणि परत जात. आठवडाभरांत आपल्या गांवांत काय घडलें तें प्रत्येकीनें सांगावयाचें. एकीच्या गांवांत जुलाबानें मूल गेलें. दुसरीनें तसेंच मूल मीठ-साखरेच्या पाण्यानें वांचविलें होतें. तिनें तें कसें पाजलें, सासूनें अडविलें तेव्हां काय म्हटलें, हें पहिलीस डॉक्टरांच्या व्याख्यानापेक्षां अधिक कळे. कारण डॉक्टरांस औषध ठाऊक होतें, सासू ठाऊक नव्हती. डॉक्टरांनींही तेथें बसून ऐकलें. कोणत्या गैरसमजुतीनें गरोदर बाई कमी जेवते, कुष्ठाचा पहिला डाग घरांत कसा लपविला जातो, हें ज्ञान वेल्लोरच्या किंवा अमेरिकेच्या ग्रंथालयांत मिळणारें नव्हतें. कुष्ठरोग्यांस निराळें न ठेवतां त्यांची व्यवस्था सर्वसाधारण रोग्यांबरोबरच करण्याचें धोरण त्या कामांत राहिलें, तें अशा ऐकण्यावांचून टिकलें नसतें.

त्या मुक्कामांविषयींची एक हकीकत आमच्या वाचकांच्या घरांत विशेष मन लावून वाचली जावी. मराठा, दलित, धनगर अशा निरनिराळ्या जातींच्या त्या बाया प्रथम एकमेकींच्या हातचें खाण्यास तयार नव्हत्या. पुढें त्या एकत्र जेवूं लागल्या आणि थंडीच्या दिवसांत एकाच मोठ्या पांघरुणाखालीं निजूं लागल्या. सोंवळ्याओंवळ्यांत ज्यांचें लहानपण गेलें त्यांस ही गोष्ट केवढी हें सांगावयास नको. आम्हांस मात्र तिचें महत्त्व दुसऱ्या बाजूनेंही वाटतें. जी बाई शेजारणीच्या हातचें पाणी पीत नाहीं, ती आपल्या चुकीची गोष्ट तिला सांगणार नाहीं. विद्येची देवघेव होण्याआधीं पाण्याची व्हावी लागली. त्याच काळांत, १९७२-७३ च्या दुष्काळाच्या सुमारास, कूपनलिका खणण्याचें काम निघालें, तेव्हां त्या दलित वस्त्यांतून खणल्या जाव्यात याची योजना आरोळे यांनीं केली. पाण्यासाठीं सर्व गांवाची वाट त्या वस्तींतून जाऊं लागली. आरोग्याचा, पाण्याचा आणि जातीचा प्रश्न निरनिराळ्या खात्यांकडे नाहीं, एकाच बाईच्या डोक्यावर आहे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांसच ही युक्ति सुचावी.

फळ काय मिळालें? त्या गांवांतील अर्भकमृत्यूंचें प्रमाण दोन-अडीच दशकांत हजारीं तीसच्या खालीं आलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यकार्यांवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्यांत जामखेडचें प्रकरण होतें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं वारल्या, रजनीकांत २०११ सालीं. काम चालू आहे.

हें वाचून ‘मग सरकारनें सगळीकडे तसेंच कां केलें नाहीं?’ असें विचारण्याचा मोह होतो. सरकारनें केलें. १९७७ च्या गांधीजयंतीस देशभर गांवोगांव आरोग्यसेवक नेमण्याची योजना निघाली. त्यांत घेतलेले बहुतेक पुरुष होते, त्यांस तीन महिन्यांचें शिक्षण मिळालें आणि औषधाची पेटी मिळाली. ती योजना कालांतरानें विरून गेली. कारणें अनेक होतीं, राजकारणही होतें. परंतु आमच्या मतें एक कारण असें कीं, पेटी दिली आणि पांघरूण दिलें नाहीं. दर आठवड्यास परत येऊन ‘हें मला जमलें नाहीं’ असें सांगण्याची जागा त्या सेवकांस नव्हती. पुढें २००५ सालीं ‘आशा’ ही योजना आली. त्यांत स्त्रियाच नेमल्या गेल्या आणि शिक्षण टप्प्याटप्प्यानें देण्याचें ठरलें. गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्या आरोग्यदूत बायांकडून घरच्या घरीं नवजात अर्भकांची काळजी घेववून मृत्यु निम्म्याहून अधिक घटविले, हें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें होतें. २०११ पासून तेंच काम देशांतील आशांकडे आलें. एका जिल्ह्याचें शिकलेलें दुसऱ्या जिल्ह्यास पोहोंचण्याचा हा चांगला नमुना आहे, पोहोंचण्यास बारा वर्षें लागलीं तरी.

परदेशांतही हाच शोध चालू आहे. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको हें विरळ वस्तीचें, गरीब राज्य. तेथें यकृताच्या एका रोगाचे तज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे रोग्यांची रांग महिनोगणती लांबत असे, आणि दूरच्या खेड्यांतील माणसें, तुरुंगांतील कैदी यांस ती रांगही गांठतां येत नसे. २००३ च्या सुमारास त्यांनीं आठवड्यांतून एकदां दूरदृश्य यंत्रणेवरून खेड्यांतील डॉक्टरांची बैठक सुरू केली. प्रत्येकानें आपला रोगी मांडावयाचा, रोग्याचें नांव न घेतां. सर्वांनीं मिळून विचार करावयाचा. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत खेड्यांतील त्या डॉक्टरांचे रोगी विद्यापीठाच्या दवाखान्यांतील रोग्यांइतकेच बरे होत असल्याचें दिसलें. ही पद्धति आतां आपल्या देशांतही, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेसारख्या ठिकाणीं, वापरली जाते. यंत्र नवें आहे. बैठक चरकाचीच आहे.

आतां आमच्या व्यवसायाविषयीं थोडें. कोठारी आयोगानें १९६६ च्या आपल्या अहवालांत आसपासच्या शाळांचा एक समूह करावा आणि त्यांतील शिक्षकांनीं एकमेकांस साह्य करावें असें सुचविलें होतें. महाराष्ट्रांत त्याचें रूप म्हणजे केंद्र आणि केंद्राची शिक्षण परिषद. आम्ही अशा किती परिषदांस बसलों याची गणती नाहीं. चांगल्याही पाहिल्या. एका परिषदेंत एका तरुण शिक्षिकेनें पावरा मुलांस त्यांच्या बोलींतून संख्या शिकविण्याचा आपला प्रयोग इतका मनापासून मांडला कीं, निवृत्तीस आलेले गुरुजी वही काढून लिहूं लागले. परंतु बहुधा व्हावयाचें तें असें : पहिला तास परिपत्रकें, दुसरा तास माहितीचे तक्ते, तिसऱ्या तासास चहा. सभा पुष्कळ, संभाषा थोडी. शिवाय परिषदेस शिक्षकच. शिक्षकांस शिक्षकच भेटतात, नर्सबाईंस नर्सबाई भेटतात, सेविकेस सेविका भेटते. ज्या मुलीवर चार संकटें आहेत तिच्याविषयींची चौथी बाजू कोणत्याच खोलींत नसते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते आणि छात्रालयाचेंही पाहत, म्हणून मुलाचा निबंध आणि मुलाचें जेवण हीं दोन्ही एकाच माणसास दिसत. तो योग प्रत्येक शाळेच्या वांट्यास येत नाहीं, आणि प्रत्येक शिक्षकानें साने गुरुजी व्हावें अशी अपेक्षा ठेवणें हा शिक्षकांवर अन्याय आहे. बैठक घालणें त्याहून पुष्कळ सोपें.

एका आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे. गरिबाच्या घरची गोष्ट चार माणसांत बोलली जाणें म्हणजे गांवगप्पा नव्हेत काय? आमच्या एका स्नेह्यांनीं, ते वकील आहेत, हाच मुद्दा आमच्याशीं तावातावानें मांडला. श्रीमंताचा डॉक्टर श्रीमंताच्या रोगाविषयीं त्याच्या मुलाच्या मास्तरांशीं बोलेल काय, असें त्यांनीं विचारलें. मुद्दा बिनतोड आहे. म्हणून तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत असें आम्हांस वाटतें. ज्याची गोष्ट त्याची संमति असावी. शक्य तेथें तो किंवा त्याच्या घरचें माणूस बैठकींत असावें. आणि शिकण्यापुरतें सांगावयाचें तर नांवगांव वगळावें. जामखेडच्या बैठकींत हा प्रश्न बराचसा आपोआप सुटला होता, कारण सांगणाऱ्या बाया परक्या दुःखाविषयीं बोलत नव्हत्या. टाकलेल्या बाईची अडचण टाकलेलीच बाई सांगत होती.

आम्ही राहतों त्या मेहरूण येथें पाहिलें तर माणसांची उणीव नाहीं. पूर्वीं बोरांसाठीं नांवाजलेलें हें खेडें आतां जळगांव शहराचाच एक भाग झालें आहे. तळ्याकांठीं सकाळीं फिरावयास येणाऱ्यांत डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. वाचकांच्या घरांतल्या लेकीसुनाही यांपैकींच कोणी असतील. परगांवाहून पोट भरण्यास आलेलीं कुटुंबेंही शहरांत पुष्कळ आहेत, ज्यांच्या मुलांचें शाळेंत नांव आहे पण रेशनपत्रिकेवर नाहीं. जळगांवांतच दीपस्तंभ संस्थेच्या ‘मनोबल’ प्रकल्पांत अपंग आणि अनाथ तरुण एकत्र राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात. अशा ठिकाणीं कोणाला कोणतें साह्य लागतें हें व्यवस्थापकांपेक्षां शेजारच्या खाटेवरचा सोबती अधिक चांगलें सांगूं शकतो. म्हणजे जाणणारे आहेत, फक्त ते एका ओट्यावर नाहींत. महिन्यांतून एका शनिवारीं, शाळा सुटल्यावर, एखाद्या वर्गांत त्या वस्तीच्या आशाताई, सेविका, दोन शिक्षक, एक डॉक्टर आणि एखादी पालक बाई अशीं सहा माणसें दीड तास बसलीं तर त्याला परिपत्रक लागत नाहीं. दर खेपेस एकच अडचण घ्यावी. अध्यक्ष नसावा, असलाच तर आशाताईंनीं व्हावें, कारण त्या सर्वांत अधिक घरांत गेलेल्या असतात आणि सर्वांत कमी बोलतात. बैठकीस येण्यानें त्यांचा दिवसाचा मोबदला बुडत असेल तर तो कोणीतरी भरून द्यावा. आम्हां निवृत्तांस खुर्च्या मांडणें आणि ठरलेलें वहींत उतरवून पुढच्या खेपेस वाचून दाखविणें एवढें काम पुरे.

डॉक्टरमंडळी याला कबूल होतील काय, असें घरांत विचारलें गेलें. त्यावर जामखेडच्या मुक्ताबाई पोळ यांचीच गोष्ट आम्हीं सांगितली. १९८८ सालीं या बाई अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें भरलेल्या एका मोठ्या आरोग्यपरिषदेंत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहांत छताला भव्य झुंबरें होतीं. डॉक्टर हे या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे; आम्ही गांवच्या बाया साध्या दिव्यासारख्या, पण आमच्या ज्योतीवर दुसरा दिवा लावतां येतो, अशा अर्थाचें त्या बोलल्या, आणि सारी सभा उठून उभी राहिली. आज देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडास शिकावयास येतात. त्यांच्या शिक्षणांत मोठा वांटा या गांवच्या बायांचाच असतो. त्यांतल्या कित्येकींनीं शाळेची पायरी चढलेली नाहीं, आणि पाहुण्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें त्या मराठींतच देतात, दुभाष्यानें तीं पुढें पोहोंचवावयाचीं.